वर्गणी, देणगी, अनुदान आणि स्वयंसेवा : गावपातळीवरील संस्थांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातील एका लहान नोंदणीकृत न्यासाचे खजिनदारपद काही वर्षे सांभाळताना जे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारत आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. न्यासांच्या नोंदणीविषयी आणि वर्गणीच्या परवानगीविषयी येथे जे लिहिले आहे ते महाराष्ट्रापुरते आहे, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० गोव्यात किंवा अन्य राज्यांत लागू नाही. आयकर, परदेशी देणग्या आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांविषयीचे नियम मात्र देशभर सारखेच आहेत. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर अधिनियमाच्या अंमलबजावणीची तारीख असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. खाली मुद्दाम जुने क्रमांक वापरले आहेत, कारण देणगीदारही अजून 'एटीजी आहे का?' (म्हणजे देणगीवर करवजावट देणारे कलम ८०जी) असेच विचारतात. अर्ज भरताना चालू क्रमांक आपल्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा.

प्रश्न : आमचे मंडळ नोंदलेले नाही. आम्हाला गावात वर्गणी मागता येते का?

येते, परंतु परवानगी घेऊन. धर्मादाय हेतूने किंवा धार्मिक उत्सवासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या बिगरनोंदणीकृत मंडळाने वरील अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांची जी लगबग चालते ती याच परवानगीसाठी असते, आणि हा अर्ज आता ऑनलाइन करता येतो. ही परवानगी त्या कार्यक्रमापुरती असते. त्यातून मंडळाला कायमची कायदेशीर ओळख मिळत नाही, आणि गोळा झालेल्या रकमेचा हिशोब नंतर द्यावाच लागतो. वर्षातून एकदाच उत्सव करणाऱ्या मंडळाला एवढे पुरेसे आहे. अभ्यासिका, रुग्णवाहिका किंवा वाचनालय असे बारमाही काम हाती घ्यायचे असेल तर मात्र दरवर्षी परवानगीच्या मागे धावण्यापेक्षा एकदाच रीतसर नोंदणी करणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न : संस्थेला दोन नोंदणी क्रमांक कशासाठी असतात?

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवतात, तेव्हा तिला पहिला क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यासही मानली जाते, म्हणून १९५० च्या अधिनियमाखाली तिची पुन्हा नोंदणी होऊन दुसरा क्रमांक मिळतो. ही दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात. केवळ न्यासपत्र करून स्थापन केलेल्या न्यासाला यांपैकी फक्त दुसरा क्रमांक असतो. बँकेत खाते उघडताना आणि देणगीच्या पावतीवर आपल्याला लागू असलेले क्रमांक बिनचूक लिहावेत. आमच्या जुन्या लेटरहेडवर एक आकडा चुकला होता आणि तो दुरुस्त होईपर्यंत एका देणगीदाराचा धनादेश आम्ही दोन महिने कपाटात ठेवून बसलो होतो.

प्रश्न : पाच-दहा रुपयांच्या वर्गणीला आज काही अर्थ उरला आहे का? त्यापेक्षा दोन मोठे दाते गाठावेत.

मोठे दाते जरूर गाठावेत, परंतु लहान रकमांचे काम वेगळे असते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या स्त्रिया दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवत, तो 'मुष्टिफंड' म्हणून ओळखला गेला. या दोन्ही उदाहरणांत एका घरातून आलेले दान नगण्य होते, परंतु मूठभर जोंधळा देणारे घर त्या वसतिगृहाला स्वतःचे मानू लागले. एकाच दात्यावर उभी राहिलेली संस्था त्या दात्याची मर्जी फिरली की बसते. आमच्या गावात जुन्या पेठेतील एक आजी दर दिवाळीला दहाची नोट घेऊन येत, पावतीवर नाव नीट लिहिले आहे की नाही ते चष्मा लावून वाचत, आणि मग वाचनालयात पंखा अजून का बसवला नाही याचा जाब विचारत. असा जाब विचारणारी दोनशे माणसे गावात असली की संस्था सहसा वाकडे पाऊल टाकत नाही.

प्रश्न : पावतीपुस्तकाबाबत कोणती काळजी घ्यावी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा, कारण संस्थांमधील बहुतेक भांडणे पैसे खाल्ल्यामुळे होत नाहीत, ती पावतीपुस्तक हरवल्यामुळे होतात.

प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असावा आणि आतील पावत्या छापील, अनुक्रमाने क्रमांक घातलेल्या असाव्यात. पुस्तक कोणाकडे, कोणत्या तारखेला दिले, त्यात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत पावत्या होत्या, हे एका वहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी. पुस्तक परत येताना स्थळप्रतींची बेरीज आणि जमा रक्कम समोरासमोर जुळवावी. चुकलेली पावती फाडून टाकू नये, ती 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवावी. रोख जमा झालेली रक्कम घरात न ठेवता शक्यतो दुसऱ्याच दिवशी बँकेत भरावी आणि त्या पैशांतून परस्पर खर्च करू नये. मांडववाल्याला वर्गणीच्या पिशवीतूनच पैसे दिले की कीर्दीत जमाही दिसत नाही आणि खर्चही दिसत नाही. मग खजिनदार प्रामाणिक असूनही वर्षाअखेरीस मान खाली घालून उभा राहतो.

आमच्याकडे एका वर्षी पंचवीस पावत्यांचे एक पुस्तक परत आले नाही. ज्यांच्याकडे होते ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांनी पैसे घेतले असतील असे कोणालाही वाटले नाही. तरीही त्या पंचवीस पावत्यांचे काय झाले याचे उत्तर वार्षिक सभेत देता येईना. शेवटी आम्ही ते पुस्तक हरवल्याचा ठराव केला, त्यातील क्रमांक सूचना फलकावर लावले आणि त्या क्रमांकाची पावती कोणाकडे असल्यास दाखवावी असे आवाहन केले. सहा जण पावत्या घेऊन आले. उरलेल्या कोऱ्याच असाव्यात असे समितीने धरले, परंतु पुढच्या वर्षी त्या वस्तीत वर्गणी निम्म्यावर आली.

प्रश्न : हल्ली सगळे क्यूआर कोड मागतात. एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यावर पैसे घेतले तर चालतील का?

घेऊ नयेत. व्यक्तीच्या खात्यात आलेली रक्कम कागदोपत्री त्या व्यक्तीची ठरते. ती संस्थेची होती हे तिला आयकर खात्यापुढे आणि गावापुढे सिद्ध करत बसावे लागते. संस्थेच्या नावाने बँक खाते आणि त्याच खात्याला जोडलेला क्यूआर कोड असावा, आणि खात्यावर किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सह्या असाव्यात. यूपीआयने पैसे आले तरी पावती द्यावीच. मोबाइलवर दिसणारा हिरवा टिकमार्क म्हणजे संस्थेची पावती नव्हे.

प्रश्न : ८०जी प्रमाणपत्राचा देणगीदाराला नेमका किती फायदा होतो?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. आमच्यासारख्या सर्वसाधारण धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, आणि त्यासाठी धरली जाणारी देणगीही त्याच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असते. दहा हजार दिले म्हणजे दहा हजारांचा कर वाचला, असे होत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळतच नाही. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर वजावट नाही, आणि धान्य, कपडे किंवा संगणक अशा वस्तूंच्या रूपाने दिलेल्या दानावरही नाही.

संस्थेच्या बाजूने आधी १२एबी खाली नोंदणी (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) आणि मग ८०जी ची मान्यता लागते. नव्या संस्थेला सुरुवातीला तीन वर्षांपर्यंतची तात्पुरती मान्यता मिळते व पुढे नियमित मान्यता घ्यावी लागते, आणि ती संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. ही तारीख एका पदाधिकाऱ्याच्या डोक्यात ठेवू नये, कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. वर्षभरातील देणग्यांचे विवरण प्रपत्र १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरल्यावरच प्रत्येक देणगीदाराला वजावटीसाठी लागणारे १०बीई प्रमाणपत्र तयार होते. उशीर झाल्यास दिवसाला दोनशे रुपये शुल्क पडते. म्हणून देणगी घेतानाच पॅन क्रमांक लिहून घ्यावा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस जणांना फोन करून पॅन विचारण्याचा अनुभव एकदा घेतला की ही सूचना पुन्हा करावी लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे गुप्तदानाची पेटी आहे. त्यात काही अडचण आहे का?

दात्याचे नाव-पत्ता नोंदलेला नाही अशा देणग्या आयकराच्या दृष्टीने 'निनावी' ठरतात. धर्मादाय संस्थेला मिळालेल्या अशा देणग्यांपैकी वर्षातील एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यावरील भागावर तीस टक्के दराने कर लागतो. केवळ धार्मिक असलेल्या न्यासांना यातून सूट आहे, त्यामुळे देवळाच्या पेटीची तुलना वाचनालयाच्या पेटीशी करू नये. लहान संस्थेची पेटी सहसा या मर्यादेत राहते. पेटी मात्र नेहमी तीन माणसांसमोर उघडावी, नोटा-नाणी मोजून तिथेच पंचनामा लिहावा आणि सह्या कराव्यात.

प्रश्न : गावातील एका आजारी माणसाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढायची आहे. सुरुवात कुठून करावी?

वर्गणीपासून करू नये. आधी रुग्णाला कायद्याने आणि योजनेने काय मिळू शकते ते पाहावे, कारण घाईघाईने जमवलेले दोन लाख रुपये रुग्णालयात भरल्यानंतर ते फुकट होऊ शकले असते असे कळणे ही फार वारंवार घडणारी गोष्ट आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत (योजनेत सहभागी) रुग्णालयात ठरावीक आजारांवर प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. तो आजार यादीत आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे. दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या ज्या मोठ्या रुग्णालयांना १९५० च्या अधिनियमातील कलम ४१ कक लागू होते, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तातडीच्या रुग्णाकडे या रुग्णालयांनी अनामत रकमेसाठी अडून बसणे अपेक्षित नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. सांगताना हे सोपे वाटते, प्रत्यक्षात खाट 'शिल्लक नाही' हे उत्तर मिळतेच. त्या वेळी रुग्णाच्या नातेवाइकाबरोबर अर्ज लिहिता येणारा आणि आवाज न चढवता पाठपुरावा करणारा एक कार्यकर्ता पाठवणे ही गावाने केलेली सर्वांत मोलाची मदत असते.

एवढे करूनही रक्कम कमी पडत असेल तर वर्गणी जरूर काढावी. तेव्हा दोन गोष्टी आधीच लेखी ठरवाव्यात : पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या नावे द्यावेत, आणि रक्कम उरली तर किंवा रुग्ण दगावला तर उरलेल्या पैशांचे काय करायचे. हा दुसरा मुद्दा मांडायला जीभ रेटत नाही हे खरे, पण नंतर तो मांडणे त्याहूनही अवघड असते. आमच्या एका आवाहनपत्राच्या तळाशी 'शिल्लक रक्कम कुटुंबाच्या संमतीने अन्य रुग्णासाठी वापरली जाईल' अशी एक ओळ होती. त्या एका ओळीमुळे पुढे एका मुलीच्या डायलिसिसचे तीन महिने निघाले.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याला गावच्या शाळेसाठी पैसे पाठवायचे आहेत. आम्ही ते घेऊ शकतो का?

त्याचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे यावर ते अवलंबून आहे. तो अजूनही भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. संस्थेने त्याच्या भारतीय पारपत्राची प्रत मात्र दप्तरी ठेवावी. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले, मराठी अस्खलित बोलत असला आणि दर गणपतीला गावी येत असला तरी कायद्याने त्याची देणगी परदेशीच आहे.

परदेशी देणगीसाठी परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाकडून घ्यावी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि तिने तीन वर्षांत आपल्या मूळ कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी सर्वसाधारण अट आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते, त्यातून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांपेक्षा अधिक करता येत नाही, आणि ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. यामुळे मोठ्या नोंदणीकृत संस्थेकडे पैसे पाठवून तिथून ते गावच्या संस्थेकडे वळवण्याचा जुना मार्गही बंद झाला आहे. 'वहिनीच्या खात्यावर पाठवतो, तुम्ही रोखीने जमा करा' ही सूचना प्रेमापोटी येते हे मान्य, परंतु ती स्वीकारणारा खजिनदार संस्थेला आणि वहिनींना, दोघांनाही अडचणीत आणतो.

प्रश्न : जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांकडून सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी कसा मिळवावा?

प्रथम कोणत्या कंपनीवर ही जबाबदारी आहे ते समजून घ्यावे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे मागील वर्षाचे नक्त मूल्य पाचशे कोटी, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. वसाहतीतील बहुतेक छोट्या शेडवाल्यांना हे लागू नाही. ते जे देतात ते त्यांच्या खुशीने, आणि त्यांच्याकडे 'तुमचा सीएसआर द्या' अशा भाषेत जाणे अगदी चुकीचे आहे.

ज्यांना लागू आहे अशा कंपन्यांनी आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो, आणि गावच्या संस्थेच्या हाती असलेला हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. कंपनीच्या वतीने काम करू इच्छिणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ ही नोंदणी केलेली असावी लागते. त्यासाठी १२एबी आणि ८०जी असणे आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कामाचा अनुभव असणे आवश्यक असते. याशिवाय तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, विश्वस्तांची यादी आणि नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरील क्रमांक बहुतेक कंपन्या मागतात. ही कागदपत्रे एका फाइलमध्ये तयार असली म्हणजे अर्धे काम झाले, कारण मार्चच्या तोंडावर अखर्चित रक्कम शिल्लक असलेला अधिकारी ज्याची फाइल तयार त्याच्याकडे आधी वळतो. हे आदर्श नाही, पण असे होते.

प्रश्न : अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा?

'सर्वांगीण विकास', 'सक्षमीकरण' आणि 'उज्ज्वल भवितव्य' हे शब्द आधी खोडावेत आणि काय उरते ते पाहावे. आमच्या पहिल्या प्रस्तावात चार पाने होती आणि अभ्यासिकेत मुले किती बसणार हे कुठेच नव्हते. तो परत आला. दुसऱ्यांदा आम्ही दोनच पाने लिहिली : दहावी-बारावीची चाळीस मुले, ज्यांच्या घरी एकच खोली आहे, संध्याकाळी सहा ते रात्री दहा ही वेळ, ग्रामपंचायतीने ठराव करून वापरायला दिलेला हॉल, सहा एलईडी दिवे, एक इन्व्हर्टर, चाळीस चटया आणि बैठी मेजे, देखरेखीसाठी दोन निवृत्त शिक्षक, विनामोबदला, वीजबिल संस्था भरेल. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची ठरली, कारण आपण स्वतः काय घालणार आहोत हे ज्या प्रस्तावात नसते त्याकडे देणारा साशंकतेने पाहतो. दरपत्रके तीन दुकानांची जोडावीत. अनुदान मिळाल्यावर ते ज्या बाबीसाठी मागितले त्याच बाबीवर खर्च करावे. चटयांचे पैसे उरले म्हणून त्यातून कपाट घ्यायचे असेल तर आधी लेखी संमती मागावी, नाहीतर उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) देताना हात अडकतो.

प्रश्न : वाचनालयासाठी सरकारी अनुदान मिळते का?

मिळते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार परिरक्षण अनुदान दिले जाते, आणि कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ग्रंथखरेदीसाठी साहाय्य करते. मान्यता मिळणे आणि वर्ग वाढणे या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, तेव्हा अनुदानाच्या भरवशावर ग्रंथपालाचा पगार ठरवू नये.

प्रश्न : जुने कपडे, पुस्तके, संगणक अशा वस्तू घ्याव्यात का?

यादी जाहीर करून घ्याव्यात, यादीबाहेरचे नम्रपणे परत करावे. २०१९ च्या ऑगस्टमधील सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर आमच्या गावातूनही टेंपो भरून साहित्य गेले. आम्ही भरताना पाहिले तर त्यात लग्नातले जरीचे शेले, एकेकच चप्पल आणि बिनगुंड्यांचे सदरे होते. पूरग्रस्त घराला तेव्हा झाडू, फिनेल, कोरड्या सतरंज्या, सॅनिटरी पॅड आणि नवी अंतर्वस्त्रे लागत होती. पुस्तकांचेही तसेच आहे. अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तके म्हणजे वाचनालयाला दिलेली रद्दीच होय, आणि ती विकायला पुन्हा आमचाच माणूस जातो.

प्रश्न : स्वयंसेवक येतात, पण टिकत नाहीत. काय करावे?

बहुतेक ठिकाणी येणाऱ्या माणसाला काम सांगितले जात नाही हे त्याचे कारण असते. तो रविवारी सकाळी येतो, तासभर खुर्चीवर बसतो, चहा पितो, पदाधिकाऱ्यांची आपसांतील कुरबुर ऐकतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. म्हणून काम छोटे, ठरावीक आणि संपणारे असावे : 'दर बुधवारी पाच ते सहा, तिसरीच्या आठ मुलांना वाचन' असे सांगितले की माणूस आपला वेळ जुळवू शकतो. प्रवासखर्च किंवा फोनचा खर्च पदरमोड करून करायला लावू नये. खर्चाची भरपाई देणे म्हणजे पगार देणे नव्हे, फक्त त्याची पावती किंवा सही केलेला खर्चतक्ता घ्यावा.

महाविद्यालय जवळ असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत दोनशे चाळीस तास काम करायचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिरही होते. शिबिरातील मुलांकडून दरवर्षी तोच रस्ता झाडून घेऊ नये. आमच्याकडे एका शिबिरातील मुलांनी चार दिवसांत साडेतीनशे घरांची नळ आणि शौचालयांची नोंद केली, आणि ती यादी आम्ही पुढे दोन प्रस्तावांना जोडली.

प्रश्न : स्वयंसेवकांबाबत संस्थेवर कायदेशीर जबाबदारी येते का?

येते, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात नसते. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, २०१३ मधील 'कर्मचारी' या व्याख्येत विनामोबदला, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते, आणि दहा किंवा अधिक व्यक्ती काम करत असतील तेथे अंतर्गत समिती स्थापन करावी लागते. मुलांबरोबर काम असेल तर नवीन स्वयंसेवकाला पहिले काही महिने एकट्याने मुलांबरोबर ठेवू नये, खोलीचे दार उघडे असावे आणि पालकांना वेळापत्रक माहीत असावे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पॉक्सो अधिनियम, २०१२ नुसार बंधनकारक आहे. 'संस्थेचे नाव जाईल' म्हणून प्रकरण आत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ओळखीचा माणूस आहे, गावातलाच आहे, यावर कोणीही विसंबू नये.

प्रश्न : वर्षअखेर पैसे उरले तर पुढच्या वर्षी वापरता येतात का?

आयकर सवलत टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाच्या पंचाऐंशी टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. उरलेले पंधरा टक्के शिल्लक ठेवता येतात, आणि इमारतीसारख्या ठरावीक कामासाठी अधिक रक्कम साठवायची असेल तर मुदतीत प्रपत्र भरून पाच वर्षांपर्यंत तसे करता येते. देणगीदाराने 'कायम निधीसाठी' असे लेखी कळवले असेल तर ती रक्कम वेगळी, कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवावी लागते. ज्यांच्या स्मरणार्थ पारितोषिक ठेवायचे आहे त्यांच्या कुटुंबीयांकडून हे पत्र देणगीच्या दिवशीच घ्यावे.

प्रश्न : विश्वस्त बदलले किंवा कोणी जमीन दान दिली तर काय करावे?

नव्वद दिवसांच्या आत १९५० च्या अधिनियमातील कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा. गावोगावच्या संस्थांच्या परिशिष्ट-१ च्या (धर्मादाय कार्यालयातील न्यासनोंदवहीच्या) उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच असतात, आणि बँक किंवा अनुदान देणारा तोच उतारा मागतो. जमीन स्वीकारण्याआधी सातबारा, वारसांची संमती आणि रस्ता पाहावा. एकदा न्यासाची झालेली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे ओढ्यातली अर्धा एकर जमीन कौतुकाने घेतली तर ती पुढच्या पिढ्यांच्याही गळ्यात राहते.

प्रश्न : जुनी पावतीपुस्तके आणि वह्या किती वर्षे ठेवाव्यात?

आयकर नियमांनुसार धर्मादाय संस्थेने आपली हिशोबाची पुस्तके आणि कागदपत्रे संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपावी लागतात. इतिवृत्ताच्या वह्या, संस्थेची घटना, मिळकतीचे दस्त आणि बदल अर्जांवरील आदेश मात्र कायमचे ठेवावेत. आमचे दप्तर वाचनालयाच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्यांत आहे, दर उन्हाळ्यात ते खाली उतरवून उन्हात घातले जाते आणि कडुनिंबाचा पाला टाकून पुन्हा वर जाते. हरवलेले ते पंचवीस पावत्यांचे पुस्तक गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सापडले. एका पेटीच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली होते. सातवी आणि आठवी पावती चिकटलेली होती, सहा पावत्या फाडलेल्या होत्या आणि उरलेल्या एकोणीस कोऱ्या होत्या. ते आम्ही पुढच्या सभेत सर्वांसमोर ठेवले, इतिवृत्तात नोंद केली, आणि पुस्तकावर 'रद्द' असा शिक्का मारून पुन्हा त्याच पेटीत ठेवले.